बेड नंबर एकसष्ट

आकडा दिसला की माझा उजवा अंगठा आपोआप चालू लागतो. तर्जनीच्या वरच्या पेरापासून निघतो, करंगळीच्या शेवटच्या पेरापाशी पोचतो आणि पुन्हा वर येतो. बँकेतलं टोकन असो, एसटीच्या पाठीवरचा नंबर असो, नाहीतर मुलीच्या परीक्षेची तारीख. नवरा म्हणतो, लोकांना वाटत असेल बाई जप करतेय. आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी जप केलेला नाही, त्यामुळे यावर हसावं की रडावं तेच मला कळत नाही. मी जप करत नाही. मी आलेल्या आकड्याला बाराने भागते, मागे काय उरतं ते बघते, आणि जे उरतं त्याला घाबरते.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण मला सांगायचंय ते आबांच्या ऑपरेशनचं, आणि ते या अंगठ्याला बाजूला ठेवून सांगता येणार नाही.

आबा म्हणजे माझे वडील. आमचं गाव आंदर मावळात. आबा सकाळी चालत कामशेत गाठायचे, तिथून गाडीने लोणावळ्याला जायचे, संध्याकाळी तसेच उलटे यायचे. तिथे एका चिक्कीच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली. बायका पाकिटं भरायच्या आणि टेबलाच्या टोकाला आबा उभे राहून मोजायचे. बारा पाकिटांचा एक पुडा, बारा पुड्यांचं एक खोकं. आजूबाजूला गुळाच्या कढया, रेडिओ, बायकांच्या गप्पा, मालकाची आरडाओरड. तोंडाने मोजलं तर चुकणारच. म्हणून तिथली सगळी मंडळी पेरांवर मोजायची. चार बोटं, बोटाला तीन पेरं, आणि मोजायला अंगठा. एका हातात बरोब्बर बारा मावतात. उजवा हात पाकिटं मोजायचा. त्याची बारा पेरं संपली की डाव्या हाताचा अंगठा एक पेर पुढे सरकायचा, म्हणजे एक पुडा धरला. डाव्याचीही बारा झाली की खोकं भरलं, सुतळी बांधा.

बारा झाले की त्याला ते ‘पुरा’ म्हणायचे. पुड्यात न बसलेली, मागे राहिलेली पाकिटं ‘सुटी’. सुटी पाकिटं कारखान्यात कुणालाच आवडायची नाहीत. ती रात्रभर टेबलावर राहायची, त्यांना मुंग्या लागायच्या, सकाळी त्यांच्यावरून भांडणं व्हायची. आबा घरी आले की आई आधी विचारायची, आज सुटी किती? काहीच नाही असं म्हणाले तर त्या दिवशी त्यांचा चेहरा वेगळा असायचा.

मी शाळेत जायच्या आधी त्यांनी मला हे मोजणं शिकवलं. ओट्यावर बसून आम्ही कोंबड्या, खांबावरचे चिमटे, समोरच्या बांधावरून जाणारी गुरं मोजायचो. मला वाटायचं जगात सगळे असंच मोजतात. पहिलीत बाईंनी हाताची दहा बोटं दाखवली तेव्हा मला वाटलं, या बाईंना कुणी नीट शिकवलेलं दिसत नाही.

या सगळ्याला द्वादशमान पद्धत म्हणतात हे कॉलेजात कळलं. आपण दहा-दहाचे गठ्ठे करून लिहितो तसे बारा-बाराचे करायचे. मग चोवीसला लिहायचं २०, म्हणजे दोन पुडे आणि सुटं काही नाही. एकशे चव्वेचाळीस, म्हणजे अख्खं खोकं, ते १००. अडचण एवढीच की दहा आणि अकरा यांनाही एकेकच चिन्ह लागतं. पुस्तकातली चिन्हं मला आवडली नाहीत, म्हणून मी माझ्यापुरते ‘द’ आणि ‘अ’ वापरायला लागले. बावीस म्हणजे १द. एकशे त्रेचाळीस म्हणजे अअ, खोकं भरायला एकच पाकीट कमी. मी धावत घरी येऊन आबांना सांगितलं, तुमचे दोन हात म्हणजे दोन अंकी संख्या आहे. ते म्हणाले, बरं झालं तिसरा हात न्हाई.

मी त्या पद्धतीच्या प्रेमातच पडले. नेहमीच्या लिखाणात शेवटचा अंक बघून एखादी संख्या दोनाने किंवा पाचाने भागली जाते का एवढंच कळतं. बाराच्या लिखाणात शेवटचा अंक जवळजवळ सगळं घर उघडं करून दाखवतो. शेवटी शून्य असेल तर दोन, तीन, चार, सहा, सगळ्यांनी भाग जातो. सहा असेल तर दोनाने नि तीनाने. तीन किंवा नऊ असेल तर तीनाने, चार किंवा आठ असेल तर चाराने. वर्गसंख्या तर इतक्या शहाण्या की त्यांच्या शेवटी फक्त शून्य, एक, चार किंवा नऊच येतात, दुसरा अंकच नाही. आणि अकराने भाग जातो का बघायचं असेल तर अंकांची बेरीज करायची. आमच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची तसबीर होती. बावीस म्हणजे १द, एक अधिक दहा अकरा, म्हणून अकराने भाग जातो. हे सांगितल्यावर आबा तसबिरीकडे बघून म्हणाले, भागायला कशाला बसतीस, पाळ त्या.

आता यात घाबरण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारेल. राहतात ते चार अंक. एक, पाच, सात आणि अ. यांच्यावर संपणारी संख्या ना दोनाची, ना तीनाची. तीनाच्या पुढच्या सगळ्या मूळ संख्या या चार घरांतच राहतात. कुणालाच स्वतःला भागू न देणाऱ्या, एकट्या. दहावीला माझ्या बैठक क्रमांकाला बाराने नि:शेष भाग गेला आणि मला भरपूर मार्क पडले. बारावीला सात उरले आणि भौतिकशास्त्राचा पेपर मातीत गेला. एवढ्या दोन पुराव्यांवर मी जन्मभराचा कायदा करून टाकला: पुरा म्हणजे सुखरूप, त्या चार घरांतला म्हणजे संकट. आज माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने अशी सिद्धता लिहिली तर मी त्याला भोपळा देईन आणि वर समासात शेरा लिहीन.

बारावीच्या केंद्राबाहेर आबा डबा घेऊन उभे होते. माझा अंगठा चाललेला त्यांनी बघितला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काय ते ओळखलं. आमच्या आजोबांनी धर्मांतराच्या वेळी देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले होते. त्यानंतर घरात पंचांग आलं नाही. माझं लग्न ज्या महिन्यात मुहूर्त नसतात त्या महिन्यातल्या रविवारी झालं, कारण हॉल रिकामा होता आणि लोकांना सुट्टी होती. तिठ्यावर कुणी उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की आबा ते घरी आणून पोह्यांवर पिळायचे. अशा माणसाची मुलगी आकड्याला भिते म्हणजे काय! त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि एवढंच म्हणाले, “आकडा मोजायला असतोय पोरी, भ्यायला न्हाई.”

तेव्हापासून मी त्यांच्यासमोर हात ओढणीत लपवून मोजते.

मागच्या भातकापणीला आबा बांधावर बसले ते उठेनात. दम लागतोय म्हणाले. आधी ऊन लागलं म्हणाले, मग वय झालं म्हणाले, मग गप्प बसायला लागले. मी वडगावला शाळेत गणित शिकवते, माझं घरही तिथेच आहे. त्यांना आणि आईला मी घरी घेऊन आले. तपासण्या झाल्या. तळेगावकडच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची एक झडप आखडली आहे, छाती उघडून ती बदलावी लागेल. धोका आहे का, असं मी विचारलं. ते सरळ माणूस होते. म्हणाले, या वयात आहेच, पण न करण्यात त्याहून जास्त आहे. आबांनी मान डोलावली आणि विचारलं की झडप कशाची असते. प्राण्याची किंवा धातूची, असं कळल्यावर म्हणाले, धातूची नको, थंडीत गार पडंल.

सगळे हसले. मी हसले नाही. मला आबा हवे होते. पन्नाशीकडे झुकलेल्या, दोन घरं सांभाळणाऱ्या बाईने असं म्हणणं बरं दिसत नाही, पण दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं. मला माझे आबा हवे होते आणि ते जाऊ शकतात असं एका भल्या माणसाने टेबलापलीकडून नुकतंच सांगितलं होतं.

मग डॉक्टरांनी तारीख दिली. चोवीस. दोन पुडे, सुटं काही नाही. माझ्या तोंडावर एवढं हसू पसरलं की डॉक्टर जरा दचकलेच. बाहेर आल्यावर नवऱ्याने विचारलं, एवढी खूश कशाला झालीस? मी म्हटलं, लवकरची तारीख मिळाली ना.

दवाखान्यात दाखल झालो तेव्हा पहिला बेड मिळाला छत्तीस नंबरचा. तीन पुडे. मला वाटलं, आता सगळं व्यवस्थित होणार. मी आबांना सफरचंद कापून दिलं, शेजारच्या आजींशी गप्पा मारल्या, बऱ्याच दिवसांनी मला पोटभर जेवण गेलं. माझं मलाच हसू येत होतं आणि तरी बरं वाटत होतं. भीतीचं हे असंच आहे. ती खोटी आहे हे कळतं म्हणून ती जात नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी त्यांना वरच्या मजल्यावर हलवलं. ज्यांची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी असते किंवा होऊन गेलेली असते त्यांना तिथे ठेवतात. मी पिशव्या घेऊन मागे चालत होते. वॉर्डबॉयने आबांची चाकाची खुर्ची थांबवली, मी भिंतीवर बघितलं. एकसष्ट.

पाच पुडे आणि एक सुटं. ५१. माझा अंगठा पिशव्यांच्या बंदांखालीच फिरला. मी सवलती शोधायला लागले. माझ्या कायद्यात सवलती आहेत, कारण त्याशिवाय जगणंच अशक्य झालं असतं. एकोणपन्नास म्हणजे ४१, शेवटी एक आहे, पण ती साताची वर्गसंख्या, म्हणून माफ. पंचावन्न म्हणजे ४७, शेवटी सात, पण चार नि सात अकरा होतात, अकराने भाग जातो, म्हणून माफ. एकसष्टला मी सगळीकडून चाचपलं. वर्ग नाही. पाच आणि एक सहा, अकरा नाहीत. अंकांची वजाबाकी शून्य आली की तेराने भाग जातो; पाचातून एक गेला चार, म्हणजे तेरानेही नाही. कशानेच नाही. मूळ संख्या. कुठूनही हात धरता येऊ नये अशी.

आबांना पलंगावर झोपवलं आणि मी थेट नर्सच्या टेबलाशी गेले. म्हटलं, सिस्टर, बेड बदलून मिळेल का? तिने विचारलं, का, काय झालं? मी म्हटलं, पंख्याचा आवाज येतो. ती म्हणाली, मॅडम, इथे एसी आहे, पंखा नाही. मी म्हटलं, म्हणजे उजेड डोळ्यांवर येतो. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग आवाज खाली करून म्हणाली, नंबरचं काही आहे का? तेरा नंबर आम्ही ठेवतच नाही, बरेच लोक नको म्हणतात. एकसष्टला तर कुणी काही म्हणत नाही.

तेरा म्हणजे ११. तिला काय सांगणार होते मी? की मला तेराचं काही वाटत नाही असं नाही, पण माझं कारण निराळं आहे? ती समंजस होती. साठ नंबर संध्याकाळी रिकामा होईल बहुतेक, बघते म्हणाली. साठ म्हणजे ५०. पाच पुडे, पुरे. मी संध्याकाळपर्यंत साठ नंबरच्या माणसाकडे इतक्या वेळा बघितलं की त्याची बायको पडदा ओढून बसली. तो काही गेला नाही. त्याचा ताप उतरला नव्हता. तो लवकर बरा व्हावा असं मला मनापासून वाटत होतं, आणि ते त्याच्यासाठी वाटत नव्हतं.

आबा सगळं बघत होते. रात्री मला म्हणाले, घरी जा, झोप. मी म्हटलं, झोप येणार नाही. ते म्हणाले, मग तितं जाऊन जागी राहा, तुझ्या येरझाऱ्यांनी माझं डोकं फिरायला लागलंय.

सकाळी वर एकालाच सोडलं. आई आणि नवरा खाली हॉलमध्ये बसले. आईने पंचशील म्हटलं, आबांना निरोप दिला की मी खाली हाये, आणि गुडघे चोळत बसली. मी वर गेले तेव्हा आबांना हिरवा अंगरखा घातला होता. दाढी केल्यामुळे चेहरा लहान वाटत होता. डाव्या हाताला सलाईन लावलेलं होतं, मनगटापासून पट्ट्या होत्या. स्ट्रेचर यायला थोडा वेळ होता. मी पलंगाच्या कडेला उभी होते. हात ओढणीत होता आणि अंगठा चालला होता. पाच फेऱ्या, एक सुटा. पुन्हा पाच फेऱ्या, एक सुटा. जणू शंभर वेळा मोजल्यावर एखाद्या वेळी एकसष्टला दया येईल.

आबा म्हणाले, “हात बाहीर काढ.”

मी काढला.

“कितीचा हाय ह्यो बेड?”

मला वाटलं आता बोलणी बसणार. जाता जाता तेवढंच राहिलं होतं. मी म्हटलं, एकसष्ट.

“माझा ह्यो हात बांधलाय,” ते सलाईनकडे बघून म्हणाले. “पाकिटं मी मोजतो. पुडं तू धर.”

मला आधी कळलंच नाही. त्यांनी उजवा हात चादरीवर उताणा ठेवला आणि अंगठा तर्जनीच्या वरच्या पेरावर टेकवला. एक, म्हणाले. मग मी माझा डावा हात पुढे केला. आम्ही दोघं मिळून एका माणसाचे दोन हात झालो होतो. ते हळू मोजत होते. बोटं सुजली होती, अंगठा पेरावरून पेरावर ओढल्यासारखा जायचा, पण प्रत्येक पेरावर नीट टेकायचा. बारा. ते थांबले, माझ्याकडे बघितलं. मी माझा अंगठा पहिल्या पेरावर नेला. तेरा, चौदा. चोवीसला पुन्हा थांबले. मी दुसरा पुडा धरला. नर्स काहीतरी विचारायला आली आणि आम्हाला बघून परत गेली.

पंचवीस, सव्वीस. सत्तावीस म्हणाले तेव्हा त्यांचा अंगठा हलला नाही. सव्वीसच्या पेरावरच राहिला. मग अठ्ठावीसला पुढे गेला.

मला वाटलं थकले. औषध दिलंय, भान राहत नसेल. ते पुढे चालले. छत्तीस म्हणाले तेव्हा अंगठा करंगळीच्या मधल्या पेरावर होता. शेवटचं पेर अजून शिल्लक होतं. छत्तीसला तिसरा पुडा भरतो हे माझ्या आबांना झोपेतसुद्धा माहीत आहे. ते म्हणाले, “सदतीस,” आणि शेवटच्या पेरावर अंगठा टेकवून थांबले. माझ्याकडे बघत राहिले.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे अगदी स्वच्छ होते. त्या माणसाचं भान कुठेही गेलेलं नव्हतं. ते वाट बघत होते, मी पुडा धरते की नाही याची.

मी अंगठा तिसऱ्या पेरावर नेला.

मग ते भराभर मोजायला लागले. एकोणपन्नासला चौथा. आणि एकसष्ट म्हणाले तेव्हा त्यांचा अंगठा करंगळीच्या शेवटच्या पेरावर होता. मी पाचवा पुडा धरला.

“पुरा बसला,” ते म्हणाले. “सुटं काय न्हाई.”

मी म्हटलं, “व्हय आबा.” एवढ्या वर्षांत मी व्हय म्हणायचं सोडून दिलं होतं, पण त्या वेळी तेच तोंडातून आलं. स्ट्रेचर आलं. त्यांना उचलून त्यावर ठेवलं, चादर नीट केली आणि घेऊन गेले. दारापर्यंत जाऊ दिलं. दार बंद झालं.

लोकांना वाटेल की मला धीर आला असेल. खरं सांगते, त्यांच्या चुकीच्या मोजणीने मी जेवढी घाबरले तेवढी एकसष्टलाही घाबरले नव्हते. या माणसाने कधी खोटं मोजलं नव्हतं. मालकाने सांगितलं तरी नाही, चिक्की न्यायला आलेले पाहुणे अर्धा पुडा जास्त मागायचे तेव्हाही नाही. ज्याने तिठ्यावरचं लिंबू पोह्यांवर पिळलं त्याने माझ्या वेडगळपणाच्या बाजूने एक पेर दाबून ठेवलं. का? परत येण्याची खात्री असती तर त्यांनी नेहमीसारखं मला झापलं असतं आणि स्ट्रेचरवर चढले असते. म्हणजे त्यांनाही वाटतंय की हे शेवटचं असू शकतं. मला मागे काहीतरी चांगलं देऊन जावं म्हणून त्यांनी हे केलं. मी हॉलमध्ये आईशेजारी जाऊन बसले आणि हा विचार आईला सांगता येईना, नवऱ्याला सांगता येईना. आईने विचारलं, काय म्हनाले? मी म्हटलं, काही नाही, ठीक आहेत.

ती दुपार कशी गेली ते मला नीट सांगता येणार नाही. हॉलमध्ये भिंतीवर टीव्ही चालू होता, आवाज बंद. एका बाईच्या मुलाचंही काहीतरी ऑपरेशन होतं, तिने मला दोनदा बिस्किटं दिली. तिथे आकडे खूप होते. खुर्च्यांवर, खोल्यांवर, लिफ्टमध्ये, पाण्याच्या मशिनवर. माझा अंगठा चालत नव्हता. चालवून बघितला तरी चालेना. मोजणाऱ्यानेच मोजणी वाकवली होती, आता भागून तरी काय करणार? आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्याही आकड्याच्या आधाराशिवाय घाबरले होते, आणि ती भीती फार मोठी होती, तिला कडाच नव्हत्या. निदान सात उरले, पाच उरले असं म्हणता आलं की भीतीला एक घर तरी मिळतं.

डॉक्टर आले तेव्हा मी उभी राहिले आणि पिशवी सांडली. ते म्हणाले, झडप बसली आहे, हृदय चालू झालंय, आजची रात्र आणि उद्याचा दिवस बघू. आई म्हणाली, मंजे हायेत ना? ते म्हणाले, आहेत. आई तिथेच फरशीवर बसली आणि मी तिला उठवायला गेले ते तिच्याशेजारी बसले.

रात्र गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या घशातली नळी काढली आणि संध्याकाळी मला एकटीला थोडा वेळ आत सोडलं. टोपी, मास्क, हिरवा झगा. आबांच्या भोवती इतक्या नळ्या होत्या की कुठून जवळ जावं कळेना. नर्स म्हणाली, जास्त बोलू देऊ नका. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. त्यांनी डोळे उघडले. मला ओळखायला त्यांना जरा वेळ लागला, मास्क होता ना. ओठ हलले. मी वाकले. मला वाटलं पाणी मागतायत, नाहीतर आईचं विचारतायत.

“साठ पुरं,” आबा म्हणाले. आवाज घासला गेला होता, अर्धा वाराच होता. “एक सुटा राहतोय.”

मी म्हटलं, माहीत आहे, बोलू नका.

“खोटी मोजणी झाली ती. ध्यानात ठेव.”

मी म्हटलं, ठेवते. माझ्या मास्कच्या आत सगळं ओलं झालं होतं आणि झग्याच्या बाहीने डोळे पुसता येत नव्हते, नर्सने आधीच दटावलं होतं. आबांनी थोडा दम घेतला. मशीनवर हिरवी रेघ वरखाली होत होती. मग त्यांनी मान माझ्याकडे वळवायचा प्रयत्न केला.

“तुला दिसलं हुतं,” ते म्हणाले. “मग पुडा का धरलास?”

“तुम्ही थांबला होतात म्हणून,” मी म्हटलं.

त्यांचा उजवा हात चादरीवर होता, तो त्यांनी उताणा केला. मी त्यावर माझा हात ठेवला आणि नर्स वेळ संपली म्हणेपर्यंत तशीच उभी राहिले.